उरलेल्या सत्तर मिनिटांचा बाजार

डेन्व्हर नगेट्स या अमेरिकी बास्केटबॉल संघाकडे निकोला योकिच आहे. सर्बियाचा हा धिप्पाड, दिसायला संथ गडी 2021, 2022 आणि 2024 या तीन वर्षांत एनबीए या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. असा माणूस पदरी असल्यावर संघाच्या चाहत्यांनी उन्हाळाभर निवांत राहायला हरकत नसावी. पण जुलै उजाडला की हीच मंडळी हमरीतुमरीवर येतात, आणि तीही संघातल्या आठव्या-नवव्या खेळाडूवरून! योकिच घाम पुसत बाहेर बसलेला असेल, तेव्हा त्याच्या जागी कोण उतरणार? करार संपून मोकळे झालेले खेळाडू, म्हणजे फ्री एजंट, बाजारात आहेत. त्यातला बास्केटजवळ खेळणारा उंच सेंटर उचलायचा, की लांबून अचूक नेम साधणारा? मुरलेला पस्तिशीचा, की बाविशीचा ताज्या दमाचा? वादाला अंत नाही.

बाहेरच्याला हा पोरखेळ वाटतो. कागद-पेन्सिल घेऊन बसलं की मात्र तो वाटेनासा होतो.

एनबीएचा सामना 48 मिनिटांचा असतो आणि एका बाजूचे पाचजण एकावेळी मैदानात असतात. म्हणजे प्रशिक्षकाच्या हाती दर सामन्याला 240 मिनिटं वाटायला असतात. सुरुवातीला उतरणारे पाचजण सरासरी 34 मिनिटं खेळले तर 170 मिनिटं संपली. उरली 70. ही सत्तर मिनिटं बेंचवरच्यांची. बास्केटबॉलमध्ये खेळाडू कितीही वेळा बदलता येतात आणि बाहेर गेलेला पुन्हा आत येऊ शकतो. त्यामुळे कुणी जखमी झालं तरच बेंचकडे बघायचं, असा हा खेळ नाही. दर सामन्यात, दर रात्री, वेळेचा चौथा हिस्सा तरी राखीव खेळाडूंच्या वाट्याला येतोच.

आता योकिचपुरतं बोलू. तो सामन्याला साधारण 36 मिनिटं खेळतो, म्हणजे 12 मिनिटं बाहेर असतो. तो मैदानात असताना डेन्व्हर प्रतिस्पर्ध्याच्या पुढे असतो आणि तो बसला की मागे पडतो. अलीकडच्या हंगामांत या दोन अवस्थांमधला फरक दर शंभर चालींमागे सुमारे वीस गुणांचा राहिला आहे. चाल म्हणजे चेंडू ताब्यात आल्यापासून तो सुटेपर्यंतचा खेळ. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या वाट्याला साधारण शंभर चाली येतात, म्हणजे 12 मिनिटांत पंचवीसेक. समजा, योकिचविना संघ शंभर चालींमागे नऊ गुणांनी मागे पडतो. मग पंचवीस चालींत तोटा सव्वादोन गुणांचा. दुसऱ्या फळीत कुणी महान खेळाडू आणायची गरजच नाही. बाहेरून अशी माणसं आणली, की ती बारा मिनिटं निव्वळ बरोबरीत सुटतील, तरी दर सामन्याला दोन गुण पदरात पडतात.

दोन गुण म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. शंभराच्या पुढे गुणसंख्या जाणाऱ्या या खेळात दोन गुण म्हणजे एक साधी बास्केट. पण 82 सामन्यांच्या हंगामाचा एक ढोबळ ठोकताळा आहे: गुणांतली सरासरी आघाडी एकाने वाढली की वर्षात अडीचेक विजय वाढतात. म्हणजे सव्वादोन गुणांचे पाच-सहा विजय झाले. 2024–25 चा हंगाम पाहा. पश्चिम विभागात दुसऱ्या क्रमांकाच्या ह्यूस्टनने 52 सामने जिंकले. डेन्व्हर, लेकर्स आणि क्लिपर्स प्रत्येकी 50 वर थांबले. मिनेसोटाचे 49 झाले, तर गोल्डन स्टेट आणि मेम्फिसचे 48. दुसरा आणि आठवा यांच्यात अंतर फक्त चार विजयांचं! जगातला सर्वोत्तम खेळाडू पाणी पीत असतानाच्या बारा मिनिटांत त्याहून जास्त विजय दडलेले असतात. आठव्या खेळाडूवरून भांडणाऱ्यांना हिशेब बरोबर कळलेला असतो.

बेंच हे शस्त्र आहे हे ओळखणाऱ्यांत बोस्टन सेल्टिक्सचे रेड आउअरबाख अग्रणी होते. 1950 च्या दशकात ते फ्रँक रॅम्सीसारखा चांगला खेळाडू सुरुवातीला मुद्दाम बाहेर ठेवत. समोरच्यांचे पाय जड झाले की त्याला ताज्या दमाने आत सोडत. पुढे जॉन हॅव्हलिचेकने ही भूमिका इतकी उंचीवर नेली की ‘सिक्स्थ मॅन’ हे बिरुद झालं. 1983 पासून त्यासाठी दरवर्षी वेगळा पुरस्कार दिला जातो आणि आज त्याचा करंडक हॅव्हलिचेकच्या नावाचा आहे.

पण तेव्हा आउअरबाख यांना जुलैचा बाजार ठाऊक नव्हता. त्या काळी खेळाडू संघाला जवळजवळ बांधलेलाच असे. करार संपला तरी त्याच्यावरचा हक्क सुटत नसे. हे बदलायला कोर्टाची पायरी चढावी लागली. ऑस्कर रॉबर्टसन हा त्या पिढीतला थोर खेळाडू, शिवाय खेळाडूंच्या संघटनेचा अध्यक्ष. 1970 मध्ये त्याच्या नावाने एनबीएवर खटला दाखल झाला. आक्षेप दोन होते. एक, खेळाडूला बांधून ठेवणाऱ्या अटीला. दुसरा, एबीए या प्रतिस्पर्धी लीगच्या विलीनीकरणाला, कारण दोन लीग एक झाल्या की खेळाडूला दुसरं गिऱ्हाईकच उरणार नव्हतं. 1976 मध्ये तडजोड झाली. जुनी अट गेली, विलीनीकरणाची वाट मोकळी झाली आणि एबीएतले चार संघ एनबीएत आले: डेन्व्हर, इंडियाना, सॅन अँटोनियो आणि न्यूयॉर्क नेट्स. योगायोग असा की हे चारही संघ या लेखात पुन्हा भेटणार आहेत. 1988 मध्ये आणखी एक पाऊल पडलं. काही वर्षं खेळलेला खेळाडू करार संपल्यावर जुन्या संघाची आडकाठी न येता कुठेही जाऊ लागला. त्या वाटेने पहिला गेला टॉम चेम्बर्स, सिअ‍ॅटलहून फिनिक्सला.

आज हा बाजार 30 जूनच्या संध्याकाळी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात सहा वाजता उघडतो. भारतात तेव्हा 1 जुलैची पहाट असते, साडेतीनची. पहिल्या काही तासांतच कोट्यवधी डॉलरचे सौदे तोंडी ठरतात. सह्या मात्र 6 जुलैपासून.

आणि इथून पुढे गोष्ट खेळाची कमी आणि नियमांची जास्त होते. एनबीएत मालकाच्या तिजोरीत किती पैसा आहे, याला फार अर्थ नाही. खिशात नोटांची थप्पी असली तरी रेशन कार्डावरचा कोटा संपला की दुकानदार साखर देत नाही, तसं हे आहे. 1984–85 मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर मर्यादा आली, ती 36 लाख डॉलरची. 2025–26 मध्ये ती सुमारे 15 कोटी 46 लाख डॉलर झाली. योकिच आणि त्याचा जोडीदार जमाल मरे या दोघांचे पगारच मिळून दहा कोटींच्या वर जातात, म्हणजे मर्यादेचा जवळपास दोन तृतीयांश भाग. उरलेल्यात किमान बारा-तेराजण बसवायचे.

ते बसत नाहीत, म्हणून मर्यादेला पळवाटा ठेवल्या आहेत. पहिली लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे सलग तीन वर्षं असलेल्या खेळाडूला मर्यादा ओलांडूनही भरघोस पगार देऊन ठेवता येतं. तो एकच वर्ष असेल तर मात्र जुन्या पगाराच्या फार तर 120 टक्के देता येतात. दुसरी पळवाट ‘मिड-लेव्हल’ नावाच्या ठरावीक रकमेची, मधल्या फळीतल्या बाहेरच्या खेळाडूसाठी. ज्यांचा पगारखर्च आधीच जास्त आहे, त्यांच्यासाठी ही रक्कम आणखी लहान होते. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्या 2023 च्या नव्या करारात ‘सेकंड एप्रन’ नावाची आणखी वरची रेघ आली. ती ओलांडणाऱ्याला मिड-लेव्हल मिळतच नाही आणि अदलाबदलीचेही बरेच मार्ग बंद होतात. कायम उघडं असतं ते एकच दार: किमान वेतनाचा करार.

हे नियम कसे चावतात, ते ब्रूस ब्राऊनच्या गोष्टीतून कळतं. सहा फूट चार इंचांचा हा खेळाडू 2018 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, 42 वा आला होता. ब्रुकलिनला गेलेल्या नेट्सकडून खेळताना तो अंगाने तुलनेने बुटका गार्ड असून काम उंच सेंटरचं करी: साथीदारासाठी आडोसा द्यायचा आणि वळून बास्केटकडे धावायचं. 2022 च्या जुलैमध्ये डेन्व्हरने आपली छोटी मिड-लेव्हल वापरून त्याला सुमारे 65 लाख डॉलरवर आणलं. या खेळात तो अगदी मामुली पगार. पण ब्राऊन आणि योकिच यांचं गणित विलक्षण जुळलं. बचाव करणाऱ्यांची नजर क्षणभर हलली की ब्राऊन बास्केटकडे सूर मारी आणि योकिचचा पास तिथे आधीच पोचलेला असे. योकिच बसला की हाच गडी चेंडू घेऊन संघ चालवी.

2023 च्या अंतिम फेरीत मायामीविरुद्ध चौथ्या सामन्यात बेंचवरून येऊन त्याने 21 गुण केले, त्यातले 11 शेवटच्या चतुर्थांशात. पाचव्या सामन्यात तर कमाल झाली. दीड मिनिट उरलेलं, डेन्व्हर एका गुणाने मागे आणि मरेचा नेम चुकला. गर्दीत उडी मारून ब्राऊनने तो चेंडू पकडला आणि तसाच बास्केटमध्ये टाकला. डेन्व्हर 90–89 ने पुढे गेला, ती आघाडी पुन्हा सोडली नाही आणि संघाने पहिलंवहिलं विजेतेपद मिळवलं. ती तारीख 12 जून.

अठरा दिवसांनी बाजार उघडला. ब्राऊन डेन्व्हरमध्ये एकच वर्ष होता, म्हणून त्याला 120 टक्क्यांचाच नियम लागू झाला. डेन्व्हर फार तर 78 लाख डॉलर देऊ शकत होता. इंडियानाकडे पगारमर्यादेखाली जागा होती. त्यांनी दोन वर्षांचे साडेचार कोटी डॉलर पुढे केले. ब्राऊन गेला. कुणी गेला नसता? बाहेरून आणलेल्या माणसाने पहिल्याच वर्षी कमाल केली तर ज्याने त्याला हेरलं तोच त्याला ठेवू शकत नाही, असा हा अजब कायदा. त्यात लीगचा हेतू उघड आहे: बलवान संघाचं सैन्य दरवर्षी थोडं पांगलं पाहिजे. ताऱ्यांना हात लावणं कठीण, म्हणून समतेची कात्री फिरते ती मधल्या फळीवर.

परिणाम दिसायला फार वेळ लागला नाही. 19 मे 2024 रोजी मिनेसोटाविरुद्ध, स्वतःच्या मैदानात, बाद फेरीतल्या निर्णायक सातव्या सामन्यात डेन्व्हर वीस गुणांनी पुढे होता. तरी तो 98–90 असा हरला. त्या नव्वदातले 35 मरेचे आणि 34 योकिचचे. बाकी सगळा संघ मिळून 21!

मग वाद पेटला, आणि तो फक्त चाहत्यांमध्ये नव्हता. संघबांधणीचे प्रमुख कॅल्विन बूथ यांचा भर निवडीतून घेतलेल्या तरुणांना घडवण्यावर होता, कारण ते स्वस्त असतात आणि अनेक वर्षं हाती राहतात. प्रशिक्षक मायकल मलोन यांचा कल अनुभवी खेळाडूंकडे. दोघांच्याही बाजूला तथ्य होतं. तरुण शिकतात, पण शिकताना सामने घालवतात, आणि योकिचची उमेदीची वर्षं त्यांच्यासाठी थांबणार नव्हती. अनुभवी माणूस चुका कमी करतो; पण किमान वेतनात जो मिळतो, त्याच्यात बहुधा काहीतरी उणं असतंच, म्हणून तर तो त्या भावात मिळतो.

2024 मध्ये आलेला रसेल वेस्टब्रूक हे याचं झगझगीत उदाहरण. 2017 चा सर्वोत्तम खेळाडू आता किमान वेतनावर बेंचसाठी दाखल झाला. त्याच्या पायांतली वीज खरी होती; पळत्या खेळात त्याने डेन्व्हरला सामने काढून दिले. पण त्याचा लांबचा नेम भरवशाचा नसल्याने बचाव करणारे त्याला मोकळा सोडून योकिचभोवती गर्दी करत. नेमबाजाची किंमत इथे कळते. तो चेंडूला हात न लावताही एका बचावपटूला स्वतःजवळ अडकवून ठेवतो, आणि तेवढी मोकळी जागा ताऱ्याला मिळते. म्हणून बेंचसाठी कोण चांगला, या प्रश्नाला उत्तर नसतं. कुणाच्या शेजारी चांगला, एवढंच सांगता येतं. वेस्टब्रूक ठेवावा की नको, यावर चाहते वर्षभर दोन तट करून होते, ते उगाच नाही.

एप्रिल 2025 मध्ये, नियमित हंगामाचे तीनच सामने उरले असताना डेन्व्हरने मलोन आणि बूथ दोघांनाही एकाच दिवशी नारळ दिला. हंगामी प्रशिक्षक डेव्हिड अ‍ॅडलमन यांनी संघ बाद फेरीत ओक्लाहोमा सिटीविरुद्धच्या सातव्या सामन्यापर्यंत खेचला. तिथे दमछाक झाली. हरल्यावर खुद्द योकिच म्हणाला की ज्यांची खेळाडूंची फळी लांब आहे तेच संघ जिंकताना दिसतायत, आपल्यालाही ती हवी. त्या वर्षी अंतिम फेरीत भिडले ओक्लाहोमा सिटी आणि इंडियाना, दोघेही भरल्या बेंचचे संघ.

या वादाला दोन जुने दाखले नेहमी जोडले जातात. 2012 मध्ये रे अ‍ॅलन हा लांबच्या फेकींचा बादशहा बोस्टनची मोठी बोली नाकारून सुमारे 30 लाख डॉलरवर मायामीच्या बेंचवर गेला. पुढच्या वर्षी अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, 5.2 सेकंद उरली असताना, उलट्या पावली कोपऱ्यात सरकत त्याने तीन गुणांची फेक टाकली आणि सॅन अँटोनियोच्या हातातला करंडक निसटला. एका खेळाडूची एक फेक, म्हणून बेंचवर मुरलेला माणूस हवा, असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष लगेच पुढचं वर्ष काढतो. 2013–14 मध्ये सॅन अँटोनियोच्या एकाही खेळाडूची सरासरी 30 मिनिटांवर गेली नाही. सगळी मेहनत वाटून घेतली गेली. थोर मनू जिनोबिली बेंचवरून उतरत होता. दुसऱ्या संघाने हिशेब करून मोकळा केलेला बोरिस डिआव आणि 2012 मध्ये हंगाम चालू असताना आणलेला पॅटी मिल्स हे त्याच्यासोबत होते. अंतिम फेरी पुन्हा त्याच दोन संघांत झाली आणि सॅन अँटोनियोने मायामीला 4–1 ने नमवलं. शेवटच्या सामन्यात मिल्सने बेंचवरून 17 गुण केले.

2025 च्या जुलैमध्ये डेन्व्हरच्या नव्या व्यवस्थापनाने केलेली हातचलाखी हा या नियमांचा वस्तुपाठ आहे. मायकल पोर्टर ज्युनिअर हा महागडा खेळाडू आणि 2032 च्या ड्राफ्टमधला पहिल्या फेरीच्या निवडीचा हक्क ब्रुकलिनला देऊन कॅमरन जॉन्सन आणला. तोही नेमबाजच, पण पगार सुमारे 1 कोटी 70 लाख डॉलरने कमी. त्या एका चालीने वरच्या रेघांखाली श्वास घ्यायला जागा झाली. मग सॅक्रामेंटोकडून योनास व्हलांच्युनस आला, योकिचच्या विश्रांतीच्या मिनिटांसाठी खराखुरा उंच सेंटर. शिवाय किमान वेतनाचं दार दोनदा वाजलं. आदल्या हंगामात डेट्रॉइटकडून सुमारे 1 कोटी 60 लाख डॉलर घेणारा टिम हार्डवे ज्युनिअर त्यातून आत आला. त्याच दारातून परतला ब्रूस ब्राऊन. इंडियानातून टोरोंटो, तिथून न्यू ऑर्लिन्स असा तो अदलाबदलीत फिरला होता, आणि ते साडेचार कोटी आता कमावून झाले होते.

या किमान वेतनाच्या नियमात एक सुंदर खुबी आहे. खेळाडू जितका जुना, तितकं त्याचं किमान वेतन जास्त. दहा किंवा त्याहून जास्त वर्षं खेळलेल्याचं 2025–26 मध्ये सुमारे 36 लाख डॉलर. मग संघ त्याच्याऐवजी स्वस्त पोरगाच उचलणार नाहीत का? म्हणून नियम असा की एका वर्षाच्या करारात संघाच्या खात्यावर सुमारे 23 लाखच लागतात आणि वरचा फरक लीग स्वतः भरते. हार्डवेसारख्या मुरलेल्या माणसाचं वय त्याच्या नोकरीच्या आड येऊ नये, याची तजवीज अशी थेट हिशेबाच्या वहीत करून ठेवली आहे.

आणि त्याच वहीत पुढच्या भांडणाची बीजंही आहेत. एका वर्षाच्या किमान करारावर आलेला खेळाडू चमकला, की पुन्हा तोच 120 टक्क्यांचा नियम. चांगला खेळला तर परवडत नाही, वाईट खेळला तर नकोसा होतो. हातात राहतो तो जेमतेम खेळलेला. म्हणून योकिच-मरेसारखी जोडी एकदा जमली की पाच-सात वर्षं टिकते, बेंच मात्र दर जुलैला नव्याने उभं करावं लागतं. ताऱ्यांबद्दल चाहत्यांना ठरवण्यासारखं काहीच उरलेलं नसतं; ते कोण, हे अख्ख्या जगाला माहीत असतं. ज्याच्यावर अजून दोन मतं असू शकतात, ज्याला इतर एकोणतीस संघांनी नीट पाहिलेलं नाही, असा माणूस फक्त स्वस्तातच सापडतो. संघबांधणीतलं खरं कसब तिथेच दिसतं, आणि घरी बसलेल्या चाहत्यालाही एखाद्या वर्षी तज्ज्ञांच्या आधी अचूक नाव सुचू शकतं.